नवख्या खेळाडूंच्या कॅम्पेनसाठी फे शत्रू कोणते निवडावेत?

उंबरठा

नमस्कार मंडळी,

घरच्या टेबलावर डंजन्स अँड ड्रॅगन्स या भूमिका-खेळाचं नवं कॅम्पेन (अनेक बैठकांची सलग कथा) सुरू करतेय. खेळाडू चार: ऑफिसमधले दोघे, माझी बहीण आणि तिची तेरा वर्षांची मुलगी. चौघांनी वीस बाजूंचा फासा अजून हातात धरलेला नाही. पाचवी आवृत्ती, २०१४चे नियम, लेव्हल १ ते ४ एवढाच पल्ला डोळ्यासमोर आहे.

चौकट साधी आहे. जंगलाच्या कडेला एक गाव. पौर्णिमेच्या रात्री गावामागच्या ओढ्यापाशी फेवाइल्डची, म्हणजे फे या मायावी परीलोकांच्या जगाची, वाट उघडते. अलीकडे ती पौर्णिमा नसतानाही उघडू लागलीय आणि पलीकडचे लोक गावात येऊन काहीबाही घेऊन जातायत.

शत्रू फेच हवेत, यामागे कारण आहे. पहिल्याच सेशनला सांगाडे किंवा लांडगे समोर उभे केले, की नवा खेळाडू एकच गोष्ट शिकतो: दिसलं की मारायचं. ती सवय पुढे सुटता सुटत नाही. फेंशी बोलता येतं, सौदा करता येतो, त्यांना त्यांच्याच शब्दात अडकवता येतं. कॅरेक्टर शीटवर जे लिहिलेलं नाही तेही करून बघता येतं, हे खेळाडूंना पहिल्या दिवशीच कळावं अशी माझी मनापासून इच्छा आहे.

तर कोण घ्यावं, कोणाला लांब ठेवावं? अनुभवी डीएम (खेळ चालवणाऱ्या) मंडळींनी सविस्तर लिहावं.

---

फासेवाला

उत्तम विषय. आधी आकड्यांचं बोलतो, कारण नवख्यांची पार्टी तिथेच मरते.

फेंच्या बाबतीत सीआर (शत्रू किती अवघड याचा आकडा) बघून निवड करू नका. क्विकलिंग या चपळ बुटक्या फेचं उदाहरण घ्या. सीआर १, एचपी (जीवाचे गुण) अवघे १०. वाटतं, चार जणांना सहज जमेल. पण तो एका फेरीत तीन वार करतो, प्रत्येक वाराच्या फाशात +८, आणि प्रत्येक वार सरासरी ८चं नुकसान करतो. तिन्ही लागले तर २४. लेव्हल १च्या विझर्डचे एचपी आठ-नऊच्या आसपास असतात, फायटरचे बारा-तेरा. म्हणजे एका फेरीत दोघे जमिनीवर. त्यात त्याचा एसी (वार लागायला गाठावा लागणारा आकडा) १६, आणि तो इतक्या वेगाने हलतो की त्याच्यावरचा प्रत्येक हल्ला डिसअॅडव्हांटेजने (दोन फासे टाकून कमी आकडा धरायचा). नव्या खेळाडूचे चार-पाच फासे सलग वाया गेले की तो फोन काढून बसतो.

दुसरी सी हॅग, समुद्रातली चेटकीण. सीआर २. तिचं भयानक रूप बघून जो घाबरला, त्याच्यावर ती नजर रोखते. डीसी ११चा विझ्डम सेव्ह (बचावासाठी फाशावर ११ गाठणं) चुकला की एचपी थेट शून्य. कितीही असले तरी शून्य. हे नियमात आहे म्हणून लेव्हल २च्या पार्टीवर वापरणं मला पटत नाही. खेळाडूने काहीच चूक केलेली नसते.

आता हिशेब. चार जणांच्या लेव्हल १च्या पार्टीला सोपी लढत १०० एक्सपीची (अनुभवगुणांची), मध्यम २००, अवघड ३००, जीवघेणी ४००. एक सॅटर (अर्धा माणूस, अर्धा बोकड) म्हणजे १००. स्प्राइट ५०चा. पण तीन ते सहा शत्रू एकत्र आले की बेरजेला दोनने गुणायचं असतं, त्यामुळे चार स्प्राइट २००चे नाहीत, ४००चे होतात. अंगठ्याएवढे दिसतात, एचपी दोन. तरी बाण लागला की डीसी १०चा कॉन्स्टिट्यूशन सेव्ह, चुकला तर विषबाधा आणि बेरीज ५ किंवा कमी आली तर बेशुद्ध. अदृश्य होऊन चौघांनी बाण मारले तर पार्टी झोपलीच म्हणून समजा.

माझी यादी: पहिल्या दोन लेव्हलना सॅटर, ब्लिंक डॉग, बॉगल, डार्कलिंग. पुढे ग्रीन हॅग. क्विकलिंग, सी हॅग, मीनलॉक नको.

---

तळ्याकाठी

फासेवाला यांचे आकडे बरोबरच आहेत, पण मी दुसऱ्या टोकाने सुरुवात करते.

फे शत्रू निवडताना मी त्याला तीन प्रश्न विचारते. त्याला काय हवंय? तो कोणता नियम मोडू शकत नाही? आणि तो नियम खेळाडूंना कसा कळणार? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर नसेल तर तो शत्रू नवख्यांसमोर आणायचाच नाही, मग सीआर काहीही असो.

बॉगल बघा. सीआर १/८, एचपी १८. एकटेपणाच्या भावनेतून जन्मणारा प्राणी. अंगातून तेल काढतो, हवं तर निसरडं, हवं तर चिकट. दाराच्या किंवा खिडकीच्या चौकटीतून हात घालून तीस फुटांच्या आत दुसरीकडून बाहेर काढू शकतो. त्याला हवी असते सोबत. तुमच्या गावात एखादं पोर एकटं पडलंय, त्याच्या घरात वस्तू गायब होतायत, जिन्यावर माणसं घसरतायत. खेळाडू आले, बॉगलच्या मागे धावले, दोन-चार वेळा आपटले, आणि मग कोणाच्या तरी लक्षात आलं की हा फक्त त्या पोराच्या आसपासच असतो. कोणी मारायचं ठरवलं तर लढत झेपण्याजोगी आहे. कोणी त्या पोराशी बोलायला बसलं तर लढतच होत नाही. दोन्ही वाटा खऱ्या. पहिल्या सेशनसाठी याहून चांगला फे मला माहीत नाही.

तेरा वर्षांची मुलगी टेबलावर आहे म्हणून एक गोष्ट आत्ताच सांगते. हॅगची संतती कशी होते याचं वर्णन मॉन्स्टर मॅन्युअल या प्राण्यांच्या पुस्तकात आहे: ती तान्हं मूल चोरून खाते, मग तिला मुलगी होते आणि ती तेराव्या वाढदिवसाला हॅग बनते. हा भाग सरळ गाळा. सेशन झिरोला (खेळाआधीच्या बोलणीच्या बैठकीला) सगळ्यांना विचारा की कोणती गोष्ट कथेत अजिबात नको. मीनलॉक मलाही नको, पण कारण वेगळं. पकडलेल्या माणसाला छळून छळून स्वतःसारखं करणं हा त्यांचा धर्मच आहे. त्याच्याशी सौदा नाही, संवाद नाही. मग फे घेऊन मिळवलं काय?

---

कोकणकडा

वाचतोय, छान चाललंय. एक सुचवू का? आपल्याकडचे का नको? चकवा आहे, साती आसरा आहेत, गिऱ्हा आहे. खेळाडू सगळे मराठीच ना?

---

उंबरठा

कोकणकडा, विचार केला होता. चकवा मला फार आवडेल, कारण तोही वाट चुकवतो आणि त्याच्या तावडीतून सुटायची युक्ती असते. पण साती आसरा कितीतरी गावांत पुजल्या जातात. माझ्या बहिणीच्या सासरी विहिरीशी त्यांची ओटी भरतात. ज्यांच्यापुढे ती हात जोडते त्यांना मी तिच्यासमोर एसी आणि एचपी लावून उभं करणार नाही. या कॅम्पेनचं जग पुस्तकातलंच ठेवते.

---

कोकणकडा

पटलं. आसरांचं नाव मागे घेतो.

---

क्लाइडकाठचा

मी स्कॉटलंडमध्ये राहतो. हे प्राणी ज्या मातीतले आहेत तिथलं थोडं लिहितो, डीएमला उपयोगी पडेल.

रेडकॅप घ्या. पुस्तकात तो सीआर ३चा आहे, लोखंडी बूट घालतो आणि टोपी बळींच्या रक्तात बुडवत राहतो. ही कल्पना इंग्लंड-स्कॉटलंड सीमेवरच्या लोककथांतली आहे. लिड्सडेलमधल्या हर्मिटेज किल्ल्याशी ती जोडलेली आहे. तिथल्या विल्यम डी सूलिस नावाच्या क्रूर सरदाराचा पाठीराखा रॉबिन रेडकॅप होता, असं सांगतात. शतकानुशतकं लुटालूट आणि रक्तपात झालेला हा पट्टा. रक्त सांडलेल्या जागी राहणारा बुटका तिथे जन्माला यावा यात नवल नाही. म्हणून रेडकॅप आणायचा तर उगाच झाडामागून उडी मारायला लावू नका. तो जिथे दिसेल तिथे पूर्वी कोणीतरी मारलं गेलंय. खेळाडूंनी ते शोधून काढलं तर त्या एका शत्रूतून दोन-तीन सेशनची कथा निघते.

अॅबरफॉइल गावचा पाद्री रॉबर्ट कर्क याने १६९१ साली या लोकांविषयी गांभीर्याने लिहून ठेवलं. पुढच्याच वर्षी तो गावाजवळच्या टेकडीवर मृतावस्थेत सापडला, आणि त्याला फेंनीच नेलं असं लोक म्हणू लागले. ती टेकडी आजही लोक बघायला जातात. मला यातलं महत्त्वाचं वाटतं ते हे, की या गोष्टींत फे म्हणजे गावाचे शेजारी. दूरच्या किल्ल्यातले राक्षस नव्हेत. त्यांच्याशी रोजचा व्यवहार असतो, आणि व्यवहाराचे नियम गावातल्या म्हाताऱ्यांना पाठ असतात. त्यांचं अन्न खायचं नाही. लोखंड जवळ ठेवायचं. तळ्याकाठी यांचा तिसरा प्रश्न, नियम कसा कळणार, त्याचं उत्तर इथेच आहे: गावात एक आजी ठेवा.

---

फासेवाला

क्लाइडकाठचा, लोखंडावरून एक तांत्रिक मुद्दा. तिसऱ्या आवृत्तीत ड्रायड (झाडाशी बांधलेली फे), पिक्सी यांच्यावर कोल्ड आयर्नखेरीज इतर शस्त्रांचा मारा कमी लागायचा. पाचव्यात हे काढून टाकलंय. त्यामुळे आजीने लोखंड सांगितलं आणि खेळाडूने खिळा पुढे केला, तर २०१४च्या नियमांप्रमाणे काहीच होणार नाही. तेव्हा डीएमने आधीच घरचा नियम ठरवायला हवा.

मी असा ठेवेन: ओबडधोबड घडवलेलं, मंतरलेलं नसलेलं लोखंड अंगाला लागलं की फेचं मायावी रूप आणि अदृश्यता पुढच्या फेरीपर्यंत सुटते. नुकसान वाढवू नका, नाहीतर खेळाडू पुन्हा मारायच्याच मार्गाला लागतील.

---

मध्यमपदलोपी

माझा अनुभव जरा वेगळा आहे, म्हणून मतभेद नोंदवतो. तुम्ही सगळे फे एवढ्या विश्वासाने सुचवताय, पण नवख्यांना सर्वांत जास्त त्रास चार्मचा (भुरळ पाडणाऱ्या जादूचा) होतो. ड्रायड सीआर १. तिचा चार्म डीसी १४चा विझ्डम सेव्ह, आणि लागला तर २४ तास. ज्या मुलीने आयुष्यात पहिल्यांदा पात्र बनवलंय, नाव ठेवलंय, त्याचं चित्र काढलंय, तिला दुसऱ्या तासाला सांगायचं की आता तुझं पात्र तुझ्या मनाने वागणार नाही? झोपवणं तसंच. सॅटरची बासरी, पिक्सीचा स्लीप. बाकीचे खेळतायत आणि एक जण बघत बसलाय.

गॉब्लिन कंटाळवाणे असतील, पण त्यांच्याशी लढताना प्रत्येकाला आपली पाळी मिळते. नव्या माणसासाठी ही छोटी गोष्ट नाही.

---

तळ्याकाठी

मध्यमपदलोपी, तुमची काळजी रास्त आहे, पण चार्मचा नियम नीट वाचला तर मार्ग सापडतो. ड्रायडने भुरळ घातलेलं पात्र तिच्या ताब्यात जात नाही. ते तिला विश्वासू मैत्रीण समजतं, तिचं म्हणणं शक्य तितक्या चांगल्या अर्थाने घेतं. त्यामुळे डीएमने पात्र हातात घ्यायचंच नाही. खेळाडूला विचारायचं: ही तुझी जिवलग आहे, तुझे साथीदार हिच्यावर शस्त्र उगारतायत, तू काय करशील? माझ्या टेबलावर नव्या खेळाडूंनी सर्वांत सुंदर प्रसंग याच प्रश्नातून उभे केलेत. एकाने मध्ये उभं राहून दोन्ही बाजूंचं भांडण मिटवलं. त्याला कोणी सांगितलं नव्हतं.

झोपेबाबत मात्र मी तुमच्या बाजूने. पाळी हिरावून घेणारी गोष्ट नवख्यांवर नको.

---

फासेवाला

दोघांच्या मधला तोडगा सांगतो. सॅटरच्या बासरीचे तीन सूर आहेत: भुरळ, भीती, झोप. डीसी १३. झोपेचा सूर काढून टाका. तसंही झोपलेल्याला साथीदार हलवून उठवू शकतो, पण नव्या लोकांना ते सुचत नाही. भीतीचा सूर ठेवा. घाबरलेला खेळाडू जवळ जाऊ शकत नाही, पण धनुष्य चालवू शकतो, दार लावू शकतो, मित्राला औषध पाजू शकतो. पाळी राहते.

आणि उलट बाजूने विचार करा. चार्म पर्सन फक्त मानवसदृश प्राण्यांवर चालतो, फेंवर नाही. खेळाडूने तो स्पेल घेतला असेल तर तो वाया जाईल, हे आधीच सांगा. प्रोटेक्शन फ्रॉम ईव्हिल अँड गुड मात्र पहिल्या लेव्हलचा असून फेंच्या भुरळीपासून आणि भीतीपासून वाचवतो. क्लेरिक किंवा विझर्ड असेल तर त्याचं नाव आजीच्या तोंडून येऊ द्या.

जाता जाता: २०२५मध्ये आलेल्या नव्या मॉन्स्टर मॅन्युअलमध्ये गॉब्लिनही फेच झालेत. त्यामुळे गॉब्लिन की फे हा वाद नव्या पुस्तकात उरलेला नाही. मध्यमपदलोपींना हवी ती लढत आणि उंबरठा यांना हवा तो सौदा, दोन्ही एकाच प्राण्याकडून मिळू शकतात.

---

पुस्तकी

तयार कथा हवी असेल तर २०२१चं ‘द वाइल्ड बियॉन्ड द विचलाइट’ बघा. लेव्हल १ ते ८, बहुतांश फेवाइल्डमधलं, आणि प्रत्येक प्रसंग न लढता सोडवता येईल अशी त्याची रचना आहे. मात्र पात्रं खूप आहेत, पहिल्यांदा चालवणाऱ्याला टिपणं काढावी लागतील. विकत घ्यायचं नसेल तर एसआरडी ५.१ (नियमांचा खुला भाग) मोफत आहे. ड्रायड, सॅटर, स्प्राइट, ब्लिंक डॉग, ग्रीन हॅग सगळे त्यात आहेत. बॉगल आणि डार्कलिंग त्यात नाहीत.

---

उंबरठा

सगळ्यांचे मनापासून आभार. दोन दिवस बसून कच्चा आराखडा केलाय. चुका दाखवा.

लेव्हल १: सुताराच्या घरात बॉगल. सुताराची मुलगी आई गेल्यापासून कोणाशी बोलत नाही. बॉगलकडून कळतं की ओढ्यापाशी रोज रात्री कोणीतरी बासरी वाजवतं.

तिथे सॅटर. त्याला गाण्याच्या बदल्यात गाणं हवं असतं, हाच त्याचा नियम. कोणी गाऊन दाखवलं, गोष्ट सांगितली, अगदी कोडं घातलं तरी तो खऱ्या उत्तराने परतफेड करतो. शस्त्र काढलं तर लढतो, पण एचपी निम्मे झाले की पळतो.

लेव्हल २: गावातले आरसे, दिवे, चकाकणाऱ्या वस्तू चोरणारे डार्कलिंग. इथे मला एक गोष्ट फार आवडली. उजेडात त्यांचे हल्ले डिसअॅडव्हांटेजने होतात. म्हणजे ज्याच्याकडे साधा लाइट कँट्रिप (उजेडाची छोटी जादू) आहे तो त्या रात्रीचा नायक. मरताना त्यांच्या अंगातून डोळे दिपवणारा झोत निघतो, तो एकदा पाहिला की खेळाडू अंतर राखायला शिकतील. आणि ते चोरी का करतात? कारण कोणीतरी त्यांना वचनात बांधलंय.

लेव्हल ३ ते ४: ती कोणीतरी म्हणजे ग्रीन हॅग. पहिल्या सेशनपासून ती गावात वावरतेय, मायावी रूपात. क्लाइडकाठचा यांची आजी वाचली आणि ठरवलं, गावात दोन आज्या असतील. एकीचे सल्ले नेहमी खरे, दुसरीचेही खरे, पण दुसरी प्रत्येक सल्ल्याच्या बदल्यात काहीतरी मागून घेते. छोटंसंच. एक केस, एक आठवण, टोपणनाव.

---

तळ्याकाठी

दोन आज्या! हे अप्रतिम आहे. एकच सांगते: दुसरीने घेतलेली प्रत्येक गोष्ट लिहून ठेवा, आणि शेवटी ती परत मिळवता आली पाहिजे. मुलीने दिलेलं टोपणनाव हॅगच्या झोपडीत बरणीत सापडलं, तर हॅग मेली का निसटली याला फारसं महत्त्व उरत नाही.

---

फासेवाला

आकडे तपासले. डार्कलिंग प्रत्येकी १००, एचपी १३. लेव्हल २ला दोन आणा, तिसरा पळणारा ठेवा. त्यांना अॅडव्हांटेज मिळाला की वाराला २डी६ (सहा बाजूंचे दोन फासे) जादा लागतात, म्हणून अंधारातला पहिला हल्ला एकाच डार्कलिंगने करू द्या.

ग्रीन हॅग ७०० एक्सपी. लेव्हल ३च्या चौघांसाठी मध्यम ६००, अवघड ९००. म्हणजे एकटी असेल तर झेपेल. एसी १७ आहे, नव्यांचे बरेच वार हुकतील, तिथे लोखंडाचा नियम उपयोगी पडेल. तीन हॅगांचं कव्हन (टोळकं) चुकूनही नको. एकत्र आल्या की लाइटनिंग बोल्टसारखे स्पेल मिळतात.

तिची आवाजाची नक्कल जरूर वापरा. ती माणसांचे आवाज काढते, आणि ओळखायला डीसी १४ची इनसाइट (खोटेपणा ओळखण्याचं कौशल्य) लागते. रानात बहिणीच्या पात्राला भाचीच्या पात्राची हाक ऐकू येऊ दे.

फेवाइल्डमधून परतल्यावर काळ पुढे-मागे होण्याचा तक्ता डीएमच्या पुस्तकात आहे, तो ऐच्छिक आहे. फासा २० पडला तर दिवसांची वर्षं होतात. हौसेने टाकू नका, तुमचं गावच संपेल.

---

मध्यमपदलोपी

आराखडा बघून माझा विरोध बराच मावळला. एक व्यवहाराचा प्रश्न राहतो. चौघांनी सॅटर दिसताक्षणी बाण सोडले आणि पहिल्या फेरीत क्रिटिकल (फाशावर २० पडून जबर वार) लागून तो मेला तर? नवे खेळाडू हेच करतात.

---

उंबरठा

तर मेला. फासा फिरवणार नाही, शिक्षाही करणार नाही. पण रोज रात्रीची बासरी थांबेल, आणि ती ऐकून झोपणारी गावातली मुलं जागी राहू लागतील. त्याची बासरी खेळाडूंच्या हातात असेल, कोणालाही उचलता येईल. दुसरी आजी दुसऱ्या दिवशी येऊन ती विकत मागेल आणि भाव चांगला देईल. द्यायची की ठेवायची, चौघांनी ठरवायचं. ओढ्याची माहिती त्यांना डार्कलिंगकडून मिळेल, फक्त उशिरा आणि महाग.

सॅटरचे एचपी ३१ आहेत, एका फेरीत मरणं अवघड, पण तयारी ठेवते. झोपेचा सूर काढला, भीतीचा ठेवला. सेशन झिरो येत्या रविवारी. बॉगलच्या चौकटीतून येणाऱ्या हाताला कुठे कुठे दारं-खिडक्या लागतील त्याचा सुताराच्या घराचा नकाशा काढायला घेतलाय. कोणाकडे दोन मजली घराचा तयार नकाशा असेल तर इथे टाका.